नाही म्हणायची सोय

वन्सं, तुमचे दिवस झाले. आलेली माणसं आपापल्या गावी गेली. अंथरुणं-पांघरुणं धुऊन माळ्यावर गेली, आणि मला अजून काहीच होत नाही. रडू येत नाही. भूक लागते, झोप लागते, कचेरीत गेले तर बेरीजही चुकत नाही. शेजारच्या जशोदाबेन त्यांच्या रीतीने बेसायला, म्हणजे दुखवट्याला आल्या होत्या, पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. माझा हात हातात धरून कितीतरी वेळ रडल्या. मी त्यांच्या खांद्यावरून स्टोव्हवरच्या दुधाकडे बघत होते. ते उतू जाईल एवढंच डोक्यात होतं.

हे म्हणतात, सुधा, एकदा मोकळी हो. मी बरं म्हणते. तुमचे धाकटे भाऊ आहेत, त्यांना रडता येतं. ते आंघोळीच्या खोलीत जाऊन रडून येतात आणि मग पेपर वाचतात. मला तुमच्याशी बोलायची सवय आहे, ती तेवढी मोडत नाही. म्हणून लिहायला बसले. आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे हेही एक.

भांडण पहिल्या वर्षीच सुरू झालं. मी नाशिकहून लग्न होऊन गुजरातेत, नानपुऱ्यातल्या या घरात आले तेव्हा तुम्ही महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होतात आणि महाराष्ट्र मंडळातल्या बायकांची नाटकं बसवत होतात. घरात नवी आलेली, विमा कचेरीत टायपिंग करणारी भावजय तुम्हाला आयतीच मिळाली. तुम्ही मला मंडळाची चिटणीस करून टाकलंत. गणपतीत करायच्या नाटकाचं पुस्तक माझ्या हातात आलं, आणि मी पहिलंच पान वाचलं. लेखकाच्या लेखी परवानगीवाचून प्रयोग करू नये, असं त्यावर छापलेलं होतं.

मी म्हटलं, "वन्सं, लेखकांना पत्र टाकायला हवं."

तुम्ही तांदूळ निवडत होतात. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "कशाला?"

"परवानगीसाठी."

"त्यांनी नाटक छापलं ना? छापलं म्हणजे लोकांना दिलं. दिलेल्या वस्तूला पुन्हा कुलूप कसलं?"

"त्यांचं पोट आहे त्यावर."

"पोटाला द्यायला माझी ना नाही. पण शब्दांचा मालक कसा असतो, ते मला कळत नाही. उद्या पाढे ज्याने काढले त्याचा वारस दारात उभा राहिला, तर मी वर्गात पाढे म्हणून घ्यायचे थांबवू?"

मी मुकाट्याने पत्र टाकलं. लेखकाचं कार्ड आलं, परवानगी आहे, प्रयोगाला शुभेच्छा. ते तुमच्यापुढे ठेवलं तर तुम्ही हसलात. "बघ, दिलीच ना? मग विचारलंस कशाला?"

"विचारलं म्हणून दिली."

तेव्हापासून घरात हे दोन पक्ष झाले. ह्यांना मध्ये बसवून आपण वर्षानुवर्षं तेच बोलत राहिलो. जेवताना, भाजी चिरताना, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, गच्चीवर घारीची मिठाई खातानासुद्धा. जशोदाबेन ह्यांना विचारायच्या, या दोघी रोज कशावरून लढतात? हे सांगायचे, कायद्यावरून. त्यांना वाटायचं घराच्या वाटणीचा खटला आहे.

तुमचा हट्ट कुठून आला ते मला उशिरा कळलं. मामंजी आजारी पडले तेव्हा त्यांचं औषध एकच परदेशी कंपनी करायची. ते मुंबईहून यायचं, आलं तर यायचं, आणि पुरवून पुरवून द्यावं लागायचं. एक दिवस गोळी, एक दिवस नाही. ज्या दिवशी गोळी नसे त्या दिवशी ते तुमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, म्हणजे तुम्हाला नाही म्हणावं लागू नये. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, कपड्यांच्या घड्या करताना. पुढे म्हणालात, "कसं करायचं ते आपल्या लोकांना येत होतं, सुधा. करायची फक्त मनाई होती. एका कंपनीला आधी सुचलं म्हणून."

मी तुम्हाला त्या वेळी काही बोलायला नको होतं, पण बोलले. "मनाई नसती तर त्यांनी इतकी वर्षं खटपट केली असती का? कुणीतरी आपलं आहे म्हणूनच राबतं."

"माणसाला सुचायचं थांबत नाही."

"सुचणं फुकट असतं, वन्सं. खटपट फुकट नसते."

तुम्ही घडी पुरी केलीत आणि कपाटात ठेवलीत.

मग यमुना आली. मला वाटतं, आपण दोघी जे बोलत होतो ते सगळं ती येईपर्यंत नुसतं बोलणंच होतं.

उधन्याच्या शाळेत तुमची बदली झाली होती. वर्गात सिंधू नावाची मुलगी होती, खानदेशातून आलेल्या माग-कामगाराची. ती बोलायचीच नाही. पाणी प्यायला जायचं तर ओंजळ करून दाखवायची, समजलं नाही तर कानाला हात लावायची. तुम्हाला वाटलं मुकी आहे. शेवटी एका दुपारी तुम्ही तिच्या घरी गेलात. परत आलात ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. "सुधा, मी आज एक घर पाहून आले. त्यात कुणी बोलत नाही."

एकच खोली. बाप भिका रातपाळीला मागावर. तिकडे मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. सकाळी खात्यावरून यायचा आणि दिवसभर झोपायचा. त्याच खोलीत सिंधूची आई यमुना, तिची सासू आणि मुलं. आजूबाजूला सगळी खातीच, भिंती थरथरतील असा खडखडाट, पण त्याने भिकाची झोप मोडत नसे. पोराचा आवाज झाला की मोडायची. झोप मोडली की रात्री मागावर डोळा लागायचा, आणि मागावर डोळा लागलेल्यांची बोटं तिने पाहिली होती. म्हणून यमुनेने सगळ्यांना खुणा शिकवल्या. भूक, ताप, आजी रागावली, बाहेर जा, मीठ संपलं. सासू-सुनेचं भांडणसुद्धा खुणांनी. ते तुम्ही मला करून दाखवलंत आणि आपण हसून हसून खाली बसलो.

यमुना पुढे शाळेत यायला लागली, डबा द्यायच्या निमित्ताने. व्हरांड्यात तुमच्याशेजारी बसायची आणि भराभर बोलायची. घरी साठलेलं सगळं तिथे. त्यातच एक दिवस तिने तुम्हाला ते सांगितलं. तान्ह्याला ताप होता. दुपारी ते गेलं. भिका झोपलेला होता. ती बाळाला मांडीवर घेऊन बसून राहिली, भिकाची झोप पुरी होऊन तो आपणहून उठेपर्यंत. सासूला खुणेने सांगितलं, सासूनेही तोंडावर हात ठेवला. संध्याकाळी तो उठला तेव्हा यमुना म्हणाली, आत्ताच गेलं बघा, आत्ताच. त्याला आजपर्यंत तेवढंच माहीत होतं.

तुम्ही त्याचं नाटक केलंत. 'निजलेलं घर'. मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि मग विचारलं, "यमुनेला विचारलंत का?"

"नावं बदलली आहेत. गाव बदललंय."

"ते नव्हे. विचारलंत का?"

"अगं, ती सांगत होती ते कुठेतरी जावं म्हणूनच ना? माणूस सांगतो कशाला?"

प्रयोगाच्या दिवशी सभागृहात पहिला अर्धा भाग लोक हसत होते. खुणांचं भांडण सुरू झालं तेव्हा मागच्या रांगा उभ्या राहून बघत होत्या. आणि शेवटी, ती बाई मांडीवर बाळ घेऊन बसते आणि कुणी काही बोलत नाही, तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. टाळ्या वाजायला वेळ लागला. तुम्ही विंगेत माझ्या शेजारी उभ्या होतात.

बडोद्याच्या मंडळाने नाटक मागितलं, मग नवसारीच्या, मग जळगावच्या कुणी. तुम्ही म्हणालात, सायक्लोस्टाइल करून टाकू. स्टेन्सिल मीच कापलं, कचेरी सुटल्यावर, साहेबांची परवानगी काढून. शेवटी तुम्ही एक ओळ घालायला सांगितलीत. "या नाटकाचे कसलेही हक्क राखून ठेवलेले नाहीत. ज्याला वाटेल त्याने करावं, हवं तसं करावं."

माझी बोटं थांबली. "हवं तसं? नक्की?"

"टाइप कर, सुधा. उगाच आयुष्यभर बडबडले का मी?"

तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आठवतो. मला तुमचं पटत नव्हतं, पण मी मनात म्हटलं, ही बाई बोलते तसं करते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्यात दुसऱ्या पक्षाचं कौतुक करायची रीत नव्हती.

पुढच्या गणपतीत उधन्याच्या कामगारांच्या मंडळाने नाटक बसवलं. कुणाच्या तरी हाताने प्रत तिकडे गेली होती. त्यांनी ते आपल्या अहिराणीत केलं, खात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, चादरींचा पडदा लावून. आपल्याला पत्ता नव्हता. खात्यांना सुट्टी होती. भिका धाकट्याला मांडीवर घेऊन पुढेच बसला होता. यमुना बायकांत. कसलं नाटक आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तिने मला पुढे सांगितलं की खुणा सुरू झाल्यावर भिका हसला. वळून तिच्याकडे पाहून हसला. आपल्यासारखंच घर आहे म्हणून. आणि शेवटाला तो पुन्हा वळला, तेव्हा ती उठून गेलेली होती.

घरी त्याने एवढंच विचारलं, "खरं सांग. पोऱ्या कव्हय गया व्हता?"

तिने खरं सांगितलं. दुपारीच.

तो रात्रभर भिंतीला टेकून बसला आणि सकाळी गाडीत बसून गावाला निघून गेला, अमळनेरकडे. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही.

यमुना आपल्या घरी आली ती दुपार. जिना चढून दारात उभी राहिली. मी पाट मांडला, बसली नाही. तुम्ही आतून आलात.

"बाई," ती म्हणाली, "मी तुमले सांगितलं ते कोनले सांगासाठे नव्हतं."

तुम्ही काही बोलायला लागलात, तर तिने हात वर केला. ती घरातली खूण होती, गप्प बसायची. तुम्ही गप्प बसलात.

"ते नाटक बंद व्हई का नही, एवढंच माले सांगा."

"करते," तुम्ही म्हणालात. "मी बंद करते, यमुना."

ती आली तशी गेली. तिचा आवाज चढला नव्हता. मला वाटतं चढला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आपण दोघी उधन्याला गेलो. मंडळाची मुलं चांगली होती. बाई आल्या म्हणून खुर्ची आणली, सोडा मागवला. तुम्ही म्हणालात हे नाटक पुन्हा करू नका, तर त्यांना कळेचना. त्यांच्यातल्या एकाने प्रत आणली आणि शेवटची ओळ आदराने तुमच्यापुढे धरली. "बाई, हाई तुम्हीज लिखेल शे ना? ज्याले वाटेल त्याने करावं."

"हो. पण आता नको."

"तुम्ही म्हनतस तर आम्ही नही करत. पन आमनाकडून प्रती घीसन लोके गावले गयात. अमळनेर, नंदुरबार. आते कोनाकडे शे, आमलेबी ठाव नही."

बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसलात. मला तेव्हा बोलल्यावाचून राहवलं नाही. "वन्सं, हक्क म्हणजे पैसेच असतात असं नाही. हक्क म्हणजे नाही म्हणायची सोय. ती तुम्ही ठेवली असती तर आज ते थांबवता आलं असतं."

तुम्ही खिडकीबाहेर बघतच म्हणालात, "ती सोय कुणाला मिळाली असती? मला. लिहिणारीला. यमुनेला तुझा कायदा काय देतो?"

मी कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतली, तुमचं बोलणं चालूच होतं.

"लिहायच्या आधी ते तिचं होतं. तेव्हा कुठला कायदा आडवा आला मला? मी उचललं. मग मी माझं म्हणून राखलं असतं, तर तुझ्या लेखी ते बरोबर झालं असतं. म्हणजे चोराने चोरीच्या मालाला कुलूप घातलं तर तो सज्जन."

"म्हणजे तुम्ही चुकलात हे तुम्हाला कबूल आहे."

"मी चुकले. माझं म्हणणं चुकलेलं नाही."

ह्या वाक्यावर मी कित्येक वर्षं विचार केला आहे. अजून ते मला धड खोडता येत नाही आणि धड पटतही नाही.

तुम्ही अमळनेरला पत्रं टाकलीत, नंदुरबारला टाकलीत. काहींनी ऐकलं, काहींची उत्तरं आली नाहीत. वर्गात तुम्ही सिंधूच्या बाकाजवळ उभ्या राहायला लागलात, असं तुमच्या शाळेतल्या बाई सांगत होत्या. सिंधू तुमच्याशी पूर्वीसारखीच वागायची. तिला आईने काही सांगितलेलं नव्हतं. यमुना मात्र डबा द्यायला यायची बंद झाली.

भिका दिवाळीनंतर परत आला. ते आपल्याला दुसऱ्यांकडून कळलं. घरात शिरला, पिशवी ठेवली आणि मुलांना म्हणाला, बोला, जोरात बोला. मुलं घाबरून गप्पच राहिली. त्याने मालकाकडे जाऊन दिवसपाळी मागून घेतली.

आणि मग ते गुजराती नाटक आलं. शहरातल्या कुठल्यातरी हौशी मंडळींनी तुमचं नाटक गुजरातीत आणलं, तुम्हाला न विचारता, आणि विचारायचं कारणही नव्हतं. नाव बदललं, माणसं काठियावाडची केली, गाणी घातली. आणि शेवट बदलला. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसते, आणि बाळ रडतं. जोरात रडतं. बाप उठतो, रागवायला तोंड उघडतो आणि बाळाला उचलून घेतो. पडदा.

तुम्ही, हे आणि मी, तिघंही गेलो होतो. तुम्ही मध्येच उठून बाहेर आलात. जिन्यात मला म्हणालात, "यांना कुणी सांगितलं बाळ जगवायला?"

तुम्हाला एवढं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "नाटकाचा जीवच काढून घेतला. सगळं फुकट गेलं. गाणी काय, नाच काय."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत. हवं तसं करावं. मी टाइप केलंय."

मी हे चिडवायला म्हटलं नव्हतं. पण ते तसंच लागलं असणार. त्यानंतर कितीतरी दिवस आपण एकमेकींशी बोललो नाही. ताटात मीठ हवं असेल तर तुम्ही ह्यांना सांगायचात आणि हे मला. एकदा ह्यांनी वैतागून म्हटलं, आपल्या घरात पण खुणा सुरू करा आता. कुणी हसलं नाही.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते सांगते.

त्याच दिवसांत यमुना माझ्या कचेरीत आली. घरी नाही, कचेरीत. मी टाइपरायटरवरून वर पाहिलं तर टेबलापुढे उभी. म्हणाली, ते गुजराती नाटक आहे ना, त्यात बाळ जगतं म्हणतात, ते मला बघायचंय. एकटीने जायची भीती वाटते.

मी तिला नेलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठून जायचं झालं तर जाता यावं अशी. गाण्यांच्या वेळी तिचं लक्ष नव्हतं. शेवटाला तिने पदराचा बोळा तोंडात धरला. बाळ रडलं तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले. तिने वाजवल्या नाहीत. बाप बाळाला उचलतो तिथे ती पुढे वाकली, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, जवळून दिसावं म्हणून.

बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "हे चांगलं केलं यांनी."

मग थोडं चालल्यावर, "बाईस्ले सांगू नका. त्यास्ले वाईट वाटेल."

म्हणून नाही सांगितलं. ते नाटक चालू होतं तोवर ती पुन्हा पुन्हा गेली, नंतर एकटी, आणि शेवटी भिकाला घेऊन. हे मला तिनेच सांगितलं. मी कित्येकदा तुमच्यापुढे बसून गप्प राहिले. एक मन म्हणायचं, सांगून टाक. तुमच्या पक्षाचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्याकडे होता. तुम्ही हक्क ठेवला असतात तर तो शेवट कधीच बदलू दिला नसतात, आणि यमुनेला तिचं बाळ कुठल्याच रंगमंचावर रडताना ऐकू आलं नसतं. हे ऐकून तुम्ही जिंकला असतात. आणि तुम्हाला फार वाईट वाटलं असतं. दोन्ही खरं होतं, म्हणून मी यमुनेचं ऐकलं.

मधल्या वर्षांत औषधांचा कायदा बदलला, परदेशी कंपनीचं औषध आपल्या लोकांनाही करता येऊ लागलं. पेपरात आलं त्या दिवशी तुम्ही शाळेतून येताना पेढे आणलेत आणि मामंजींच्या फोटोपुढे ठेवलेत. मलाही दिलात. मी खाल्ला आणि म्हटलं, आता नवीन औषधं शोधणार कोण? तुम्ही म्हणालात, आधी तोंडातला पेढा गीळ. आपण पुन्हा बोलायला लागलो होतो. यमुनेचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यानंतर तुम्हाला दम लागायला लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. हे त्या कोपऱ्यावरच्या दुकानातूनच घेऊन आले, लगेच. तुम्ही पाकीट हातात घेतलंत, चष्मा मागितलात, उलटं करून बारीक अक्षरं वाचलीत. "बडोद्याला केलंय," म्हणालात. आणि माझ्याकडे पाहिलंत.

मी पाणी पुढे केलं. खरं तर त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की वन्सं, इथे तुम्ही बरोबर होतात. निदान औषधापुरतं तरी. मला वाटलं, म्हणू पुढे. घाई काय आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी थर्मासमध्ये चहा भरायला दवाखान्याच्या खाली गेले होते. वर आले तर नर्स खाटेजवळ उभी होती. मी थर्मास खाली ठेवला, झाकण घट्ट लावलं. ते मला नीट आठवतं, झाकणाचे आटे. बाकीचं तेवढं नीट आठवत नाही. तापीवर ह्यांनी आणि मंडळाच्या लोकांनी सगळं केलं. यमुना घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर उभी होती, असं नंतर कुणी म्हणालं.

काल नंदुरबारहून एक तरुण मास्तर आले. तुम्ही गेलात हे त्यांना माहीत नव्हतं. दारातच कळल्यावर परत फिरायला निघाले, मी बसवून घेतलं. त्यांच्याकडे 'निजलेलं घर'ची फाटकी प्रत होती, शेवटचं पान नसलेली. म्हणजे तुमची ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांकडून नाटक करून घ्यायचं होतं, आणि परवानगीवाचून करायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"आता हक्क कुणाकडे आहेत?" त्यांनी विचारलं.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "कायद्याने माझ्याकडे येत असतील. म्हणजे तुझ्याकडेच. तू बघ."

वन्सं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारायला आलं होतं, आणि उत्तर द्यायला मी होते. मला त्याचाही आनंद झाला नाही. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "आपल्याला उधन्याला जायचंय."

यमुना आता त्याच चाळीत दोन खोल्यांत राहते. केस पांढरे झालेत. भिका घरी होता, रविवार म्हणून. मास्तरांनी आपलं काम सांगितलं. प्रत पाहिल्यावर यमुनेने हात लावला नाही. तिने भिकाकडे पाहिलं. ती दोघं त्या नाटकाविषयी आपसात कधी बोलली असतील की नाही, मला माहीत नाही. मी मास्तरांना म्हणाले, ही दोघं नको म्हणाली तर नको, आणि आपण परत जायचं.

भिका प्रतीकडे बघत होता. त्याला वाचता येत नाही.

"करा," तो म्हणाला. "पन एक सांगस. त्या नाटकमा तो मानूस सगळा वखत पाठ करीसन झोपस. लोकेस्ले त्यानं तोंडज दिसत नही. त्यानं तोंड लोकेसकडे करा. दिसू द्या, किती थकेल व्हता."

यमुना खाली मान घालून बसली होती. मग तिने मान हलवली. हो अशी.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "असा बदल चालेल?"

मी चालेल म्हटलं.

उधना स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले. गाडी येईपर्यंत ते कार्यक्रमपत्रिकेचंच बोलत होते. म्हणाले, तळाला परवानगीची ओळ टाकायची आहे, कुणाच्या परवानगीने, म्हणून छापू? लेखिकेच्या? तुमच्या? त्यांच्या?

मला सांगता येईना. मी म्हटलं, घरी जाऊन कळवते. ते गाडीत बसले. मी रिक्षा केली, आणि हे तुम्हाला विचारायचं म्हणून भराभर घरी आले. जिना चढून वर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.